संगणक आपली डिस्क का विसरतो?

चतुर्थीची सुटी संपवून दुकान उघडावे, देवासमोर उदबत्ती लावावी, संगणकाचे बटण दाबावे आणि नेहमीच्या चित्राऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढीच ओळ उमटावी, हा अनुभव आपल्याकडील अनेक दुकानदारांना, पंचायत कार्यालयांतील कारकुनांना आणि शाळांतील संगणक शिक्षकांना नवा नाही. सुटीच्या आदल्या संध्याकाळी संगणक सुरळीत चालत होता. मधल्या दिवसांत त्याला कोणी हातही लावलेला नाही. तरीही आज तो सांगतो आहे, की जिच्यावरून सुरू व्हायचे ती डिस्कच आपल्याला सापडत नाही.

अशा वेळी मनात येणारा पहिला विचार ‘डिस्क गेली’ हा असतो. त्यानंतर मिळणारा सल्ला त्याहून घातक असतो. कोणीतरी सांगते, ‘फॉरमॅट मारून घ्या, चालू होईल.’ संगणक खरोखरच चालू होतो. परंतु वर्षभराचे हिशेब, एक-चौदाच्या उताऱ्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती, मुलांची छायाचित्रे हे सारे त्या फॉरमॅटबरोबर जाते. खेदाची गोष्ट अशी, की पुष्कळदा डिस्क शाबूत असते आणि तिच्यावरील माहितीही जागच्या जागी असते. हरवलेली असते ती केवळ ‘कोणत्या डिस्कवर आधी पाहायचे’ ही एक नोंद. ती नोंद कोठे राहते आणि तिच्यावर कोणाकोणाचा हात फिरू शकतो, हे समजून घेतले तर असा प्रसंग घाबरण्याचा न राहता शांतपणे तपासण्याचा होतो.

बटण दाबल्यानंतर काय घडते?

संगणकाची मुख्य स्मृती, म्हणजे रॅम, वीज जाताच कोरी होते. त्यामुळे बटण दाबल्याच्या क्षणी प्रोसेसरपाशी विंडोज नसते, लिनक्सही नसते. असते ती केवळ मदरबोर्डवरील एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये साठवलेली आज्ञावली. हिला फर्मवेअर म्हणतात. जुन्या यंत्रांत तिचे नाव बायोस होते, नव्या यंत्रांत यूईएफआय आहे. बाजारात मात्र दोहोंना सरसकट बायोसच म्हटले जाते. ही आज्ञावली आधी रॅम, कळफलक, पडदा इत्यादी भाग तपासते. मग ती आपल्याजवळची एक यादी वाचते. आधी अमुक डिस्क, ती नसेल तर पेनड्राइव्ह, तोही नसेल तर नेटवर्क, असा क्रम त्या यादीत लिहिलेला असतो. यादीतील पहिल्या साधनावर सुरू करण्याजोगी आज्ञावली सापडली, की फर्मवेअर सूत्रे तिच्या हाती देते आणि तेथून पुढे विंडोज किंवा लिनक्स आपला कारभार सुरू करते.

या प्रक्रियेला बूट होणे म्हणतात. पायातील उंच बूट ओढून चढवण्यासाठी त्याच्या मागे जो पट्टा असतो, त्याला इंग्रजीत बूटस्ट्रॅप म्हणतात. आपल्याच बुटाचा पट्टा धरून स्वतःला वर उचलणे, या कल्पनेवरून हा शब्द आला. कोरी स्मृती घेऊन उठणाऱ्या यंत्राने स्वतःच स्वतःला उभे करायचे असते, म्हणून तो चपखल बसला.

आपला प्रश्न आहे तो त्या यादीचा. ती डिस्कवर नसते, कारण डिस्क शोधण्यासाठीच तिची गरज असते. मग ती राहते कोठे?

स्विचकडून स्मृतीकडे

१९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीत ही अडचण नव्हती. त्याच्या मदरबोर्डवर बारीक स्विच होते. किती स्मृती बसवली आहे, किती फ्लॉपी ड्राइव्ह आहेत, हे त्या स्विचांच्या स्थितीवरून यंत्राला कळे. सुरू होण्याचा क्रम तर रॉम चिपमध्येच कायमचा कोरलेला होता. आधी फ्लॉपी पाहायची. ती नसेल तर रॉममधील बेसिक ही भाषा सुरू करायची. पेटी उघडून स्विच हलवल्याशिवाय काही बदलत नसे. वीज गेली, वर्षे लोटली, तरी स्विच आपल्या जागी राही.

१९८४ च्या पीसी-एटी या यंत्राने ही पद्धत बदलली. मोटोरोला कंपनीची घड्याळाची एक चिप त्यात बसवण्यात आली. या चिपमध्ये ६४ बाइट स्मृती होती. त्यांतील १४ बाइट घड्याळाच्या कामासाठी होते आणि उरलेल्या ५० बाइटांत यंत्राच्या मांडणीची माहिती ठेवण्यात येऊ लागली. हार्ड डिस्क कोणत्या प्रकारची आहे, हेही तेथेच लिहिलेले असे. सीमॉस या तंत्राने बनवलेल्या त्या चिपला अगदी थोडी वीज पुरे, म्हणून संगणक बंद असतानाही एका छोट्या बॅटरीवर ती जागी राही. ‘सीमॉसची बॅटरी’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ झाला.

ही सोय मोठी होती, परंतु तिच्याबरोबर एक नाजूकपणाही आला. स्विच विसरत नाही. बॅटरीवर जगणारी स्मृती विसरू शकते. स्विच केवळ माणसाचे बोट हलवू शकते. स्मृतीत कोणतीही आज्ञावली लिहू शकते. आज यूईएफआयच्या यंत्रांत सुरू होण्याची यादी बहुधा फर्मवेअरच्याच फ्लॅश चिपमध्ये असते आणि तेथे ती विजेशिवायही टिकते. मात्र त्या जागेत लिहिण्याची मुभा फर्मवेअरप्रमाणे विंडोज आणि लिनक्सलाही दिलेली आहे. एका फळ्यावर अनेकांनी लिहावे, तशी ही स्थिती आहे. ‘मी काहीच केले नाही, तरी सेटिंग बदलले’ या तक्रारीचे मूळ येथे आहे. आपण काही केलेले नसते; दुसऱ्या कोणीतरी फळ्यावर लिहिलेले असते.

पाच मायक्रोअँपिअरचा हिशेब

सर्वांत साधे कारण बॅटरीचे. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची जी गोल बॅटरी दिसते, तिचे नाव बहुधा सीआर २०३२ असते. या आकड्यातच तिचे माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. ती ३ व्होल्टची असून तिची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास असते. संगणक पूर्ण बंद असताना घड्याळाचे मंडल तिच्यातून काही मायक्रोअँपिअर एवढाच प्रवाह घेते. तो पाच मायक्रोअँपिअर धरला, तर ४४,००० तास, म्हणजे सुमारे पाच वर्षे बॅटरी पुरते.

या हिशेबात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. संगणक बंद असला, पण भिंतीवरचा स्विच चालू असला, तर मदरबोर्डला थोडी वीज मिळतच असते आणि तेव्हा ही बॅटरी जवळजवळ खर्च होत नाही. ज्या घरात किंवा कार्यालयात भिंतीवरचा स्विच कायम चालू असतो, तेथे ती पाच वर्षांहून अधिक टिकू शकते. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर विजा कडाडू लागल्या, की आपण संगणकाची पिनच काढून ठेवतो. शाळांचे संगणक कक्ष उन्हाळ्याच्या सुटीत मेन स्विच बंद करून कुलूपबंद होतात. त्या साऱ्या काळात घड्याळाचा भार एकट्या बॅटरीवर असतो. जुनी, क्षीण झालेली बॅटरी अशाच सुटीत शेवटचा श्वास घेते आणि संगणकाला हातही न लावता त्याची सेटिंग बदललेली आढळते. पिन काढण्याची सवय मात्र सोडू नये. विजेच्या लोळाने होणाऱ्या नुकसानापुढे बॅटरीची किंमत नगण्य आहे. तीनचार वर्षांनी बॅटरी बदलणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

बॅटरी संपल्यावर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. सीमॉसमधील नोंदींबरोबर त्यांच्या बेरजेसारखा एक ताळा ठेवलेला असतो. सुरू होताना फर्मवेअर तो ताळा पुन्हा करून पाहते. जुळला नाही, तर नोंदी विश्वासार्ह नाहीत असे ठरवून ती कारखान्यात ठरवलेली मूळ मांडणी लागू करते. पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’ असा संदेश दिसतो तो यामुळे. यूईएफआयची यादी फ्लॅश चिपमध्ये सुरक्षित असली, तरी बॅटरी संपल्याचे लक्षात येताच मूळ मांडणीकडे वळणारे मदरबोर्डही अनेक आहेत.

या कारणाची खूण ओळखणे सोपे आहे. डिस्कचा क्रम बदलला आणि त्याच वेळी तारीखही काही वर्षे मागे गेली असेल, तर दोष बॅटरीचा समजावा. तारीख चुकल्यामुळे बँकेची किंवा सरकारी संकेतस्थळेही ‘हे स्थळ सुरक्षित नाही’ असे सांगू लागतात, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत संगणक आपल्या चुकलेल्या तारखेशी ताडून पाहतो.

डिस्कच हजेरीला नसेल तर

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. प्रत्येक वेळी सुरू होताना फर्मवेअर जोडलेल्या साधनांची हजेरी घेते. एखाद्या सकाळी डिस्कने वेळेवर ‘हजर’ म्हटले नाही, तर अनेक मदरबोर्ड तिचे नाव यादीतून काढून टाकतात आणि पुढच्या साधनाला पहिला क्रमांक देतात. दुसऱ्या दिवशी तीच डिस्क पुन्हा दिसू लागली, तर तिची नोंद नव्या साधनासारखी यादीच्या शेवटी होते. वापरणाऱ्याला वाटते, सेटिंग आपोआप बदलले. वस्तुतः फर्मवेअरने नियमाप्रमाणेच काम केलेले असते.

डिस्क हजेरी का चुकवते? केबल सैल झालेली असते. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या, दमट हवेने जोडणीच्या पट्ट्यांवर गंज चढलेला असतो. वीजपुरवठ्याचा भाग दुबळा झालेला असतो. जुन्या हार्ड डिस्कच्या तबकड्यांना पूर्ण वेग घेण्यास काही सेकंद लागतात; फर्मवेअरमध्ये जलद सुरू होण्याची सोय चालू असेल, तर ते तेवढा वेळ थांबत नाही. किंवा मग डिस्क खरोखरच शेवटच्या आजारात असते. म्हणून क्रम वारंवार बदलू लागला आणि तारीख मात्र बरोबर राहिली, तर तो डिस्कचा इशारा मानावा. अशा डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग करण्याआधी तिच्यावरील कामाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.

याच्या उलट प्रकारही घडतो. नवा पेनड्राइव्ह, बाहेरून जोडायची हार्ड डिस्क किंवा कार्ड रीडर लावलेला राहिला, तर काही जुन्या बायोस आज्ञावल्या त्यालाही हार्ड डिस्कच समजतात आणि हार्ड डिस्कांच्या रांगेत पुढे बसवतात. त्या पेनड्राइव्हवर सुरू करण्याजोगे काही नसते, म्हणून संगणक अडून राहतो. पेनड्राइव्ह काढला, की सारे पूर्ववत होते. म्हणून अशा प्रसंगी बाहेरून जोडलेली सर्व साधने काढून पाहणे ही पहिली पायरी ठरते.

विंडोज आणि लिनक्स यांचाही हात

यूईएफआयच्या यादीतील प्रत्येक नोंद म्हणजे एक पत्ता असतो. कोणत्या डिस्कच्या कोणत्या विभागातील कोणती फाइल चालवायची, हे त्यात लिहिलेले असते. त्या विभागाची ओळख त्याच्या नावाने ठरत नाही. त्याला दिलेल्या एका लांबलचक, एकमेव क्रमांकाने ठरते. जुन्या डिस्कऐवजी नवी बसवून तिच्यावर विंडोज नव्याने घातले, की हा क्रमांक बदलतो. मग जुनी नोंद पाडलेल्या घराच्या पत्त्यासारखी निरर्थक होते आणि काही फर्मवेअर ती पुसूनही टाकतात. यावर उपाय म्हणून यूईएफआयमध्ये एक ठरलेली राखीव जागा आहे. कोणतीही नोंद उपयोगी पडली नाही, तर डिस्कच्या त्या जागी सर्वसामान्य नावाची फाइल आहे का, हे फर्मवेअर पाहते. पेनड्राइव्हवरून विंडोज किंवा लिनक्स बसवता येते, ते याच सोयीमुळे.

विंडोज बसवताना ते ‘विंडोज बूट मॅनेजर’ या नावाची नोंद यादीत घालते आणि तिला पहिला क्रमांक देते. लिनक्सही आपली नोंद तशीच घालते. एकाच संगणकावर दोन्ही असतील, तर जे नंतर बसवले ते पुढे जाते. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अद्यतनानंतर किंवा दुरुस्तीनंतर त्याची नोंद पुन्हा पहिल्या जागी आलेली दिसते आणि लिनक्स वापरणाऱ्यास वाटते, आपली प्रणाली पुसली गेली. ती डिस्कवर तशीच असते. फक्त रांगेत मागे गेलेली असते.

फर्मवेअरच्या स्मृतीत बाहेरून लिहिले गेल्याने काय होऊ शकते, याचे एक ठळक उदाहरण ऑगस्ट २०२४ मधील आहे. त्या महिन्याच्या १३ तारखेला मायक्रोसॉफ्टने दिलेल्या सुरक्षा अद्यतनानंतर विंडोज आणि लिनक्स एकत्र असलेल्या काही संगणकांवर लिनक्स सुरू होईनासे झाले. सिक्युअर बूट नावाची जी व्यवस्था आहे, ती विश्वासार्ह स्वाक्षरी असलेल्या आज्ञावलीलाच सुरू होऊ देते. सुरक्षेत छिद्रे असलेल्या जुन्या आज्ञावल्या नाकारण्यासाठी या अद्यतनाने फर्मवेअरच्या स्मृतीत नवा नियम लिहिला. दोन प्रणाली असलेल्या यंत्रांना तो लागू होऊ नये, अशी योजना होती. परंतु काही यंत्रांत दुसरी प्रणाली आहे हे ओळखले गेले नाही. मायक्रोसॉफ्टने ही अडचण मान्य केली. येथे यादीचा क्रम बदललाच नव्हता. तरी बदल झाला तो तिच्या शेजारच्या नोंदीत, आणि परिणाम वापरणाऱ्याला तसाच भोगावा लागला.

फर्मवेअरचे अद्यतन आणि विजेचा लपंडाव

पूर्वी बायोस बदलणे हे तंत्रज्ञाचे काम होते. आता अनेक कंपन्यांच्या संगणकांत फर्मवेअरचे अद्यतन विंडोजच्या नेहमीच्या अद्यतनांबरोबरच येते आणि रात्री आपण झोपेत असताना लागू होते. नव्या आवृत्तीत नोंदींची मांडणी वेगळी असू शकते, म्हणून अद्यतनानंतर मूळ सेटिंग लागू होणे ही नित्याची बाब आहे.

याच गटात विजेचा लपंडाव येतो. संगणक सुरू होत असतानाच वीज गेली, आली, पुन्हा गेली, असे दोनतीनदा झाले, तर कित्येक मदरबोर्ड असा निष्कर्ष काढतात, की चुकीच्या सेटिंगमुळे आपण सुरू होऊ शकत नाही. मग ते स्वतःहून सुरक्षित मूळ मांडणीकडे परततात. ही सोय मुळात प्रोसेसरचा वेग हौसेने वाढवून बघणाऱ्यांसाठी असते. परंतु दोष सेटिंगचा आहे की वीजपुरवठ्याचा, हे मदरबोर्डला कळत नाही. साध्या यूपीएसने हा धोका बराच टळतो.

मूळ मांडणी लागू झाली, की डिस्कच्या क्रमाबरोबर आणखी दोन सेटिंगे बदलू शकतात आणि खरी गफलत तेथे होते. पहिले सेटिंग जुन्या पद्धतीने सुरू होण्याच्या सोयीचे. अनेक वर्षांपूर्वी बसवलेले विंडोज जुन्या बायोस पद्धतीचे असेल आणि ही सोय बंद झाली असेल, तर डिस्क फर्मवेअरला दिसते, पण सुरू होत नाही. दुसरे सेटिंग डिस्कशी बोलण्याच्या पद्धतीचे. एएचसीआय आणि रेड या तिच्या दोन प्रचलित पद्धती. विंडोज एका पद्धतीवर बसवलेले असताना अचानक दुसरी लागू झाली, तर निळा पडदा येतो आणि त्यावर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे उमटते. हा पडदा पाहून अनेक जण डिस्क बदलून टाकतात. पुष्कळदा आधीचे सेटिंग परत आणल्यास तीच डिस्क पूर्ववत चालते.

माणसे आणि विषाणू

काही वेळा फळ्यावर लिहिणारे माणूसच असते. दुरुस्तीस आलेल्या तंत्रज्ञाने पेनड्राइव्हला पहिला क्रमांक दिला आणि जाताना तो तसाच ठेवला, किंवा मुलांनी कुतूहलाने सेटिंगच्या पडद्यात जाऊन मूळ मांडणीचे बटण दाबले, असे घडते. पेनड्राइव्ह कायम पहिल्या क्रमांकावर ठेवणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही बरे नव्हे. कोणीही आपला पेनड्राइव्ह लावून, पासवर्ड न देता, आपल्या डिस्कवरील फाइली वाचू शकतो. कार्यालयातील संगणकांवर म्हणूनच फर्मवेअरच्या सेटिंगला स्वतंत्र पासवर्ड ठेवलेला चांगला.

विषाणूंनीही या वाटेचा उपयोग केला आहे. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या सुरुवातीच्या भागात राही. सुरू होण्याच्या क्रमात फ्लॉपी पहिली असल्याने, ड्राइव्हमध्ये विसरून राहिलेली एक फ्लॉपी त्याला पुरेशी होई. तैवानमध्ये लिहिल्या गेलेल्या ‘सीआयएच’ विषाणूने २६ एप्रिल १९९९ रोजी डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसलाच, शिवाय फ्लॅश चिपमधील बायोसवरही निरर्थक मजकूर लिहिण्याचा प्रयत्न केला. जेथे तो सफल झाला, तेथे संगणक सुरूच होईना. अशा घटना आज विरळ आहेत. सेटिंग बदलले म्हणजे विषाणूच आला, असे समजू नये. आधीची साधी कारणे तपासून झाल्यावरच त्याचा विचार करावा.

अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली

येथवर सांगितलेल्या बहुतेक कारणांत माहिती सुरक्षित असते. एक अपवाद मात्र प्रत्येकाने जाणून ठेवला पाहिजे. नव्या संगणकांत डिस्कवरील माहिती कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येण्याजोगी केलेली असते. विंडोजमध्ये या सोयीचे नाव बिटलॉकर आहे. २०२४ मधील विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून, नव्याने बसवलेल्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला, की ही सोय बहुधा आपोआप सुरू होते. अनेकांना आपली डिस्क कूटबद्ध आहे, याचीच कल्पना नसते.

तिची किल्ली मदरबोर्डवरील टीपीएम या सुरक्षा भागात असते. संगणक नेहमीच्याच मार्गाने सुरू होत असेल, तरच टीपीएम ती देते. फर्मवेअर बदलले, सिक्युअर बूट बंद पडले किंवा मूळ मांडणीत टीपीएमच बंद झाले, तर तिला संशय येतो आणि पडद्यावर ४८ अंकांची पुनर्प्राप्ती किल्ली मागितली जाते. ही किल्ली नसेल, तर डिस्क कितीही चांगली असली तरी माहिती कोणाच्याही हाती लागत नाही, दुरुस्ती करणाऱ्याच्याही नाही आणि मालकाच्याही नाही. पाचपन्नास रुपयांची बॅटरी संपल्याने सुरू झालेला प्रकार येथे खऱ्या नुकसानीपर्यंत पोहोचू शकतो. खात्याने प्रवेश केलेल्या संगणकांची किल्ली सामान्यतः त्या खात्यात जमा असते. आजच ती उघडून पाहावी, कागदावर उतरवावी आणि जमिनीच्या कागदपत्रांसोबत कपाटात ठेवावी. संगणकातच साठवलेली किल्ली नेमक्या वेळी उपयोगी पडत नाही.

काय करावे, कोणत्या क्रमाने?

‘डिस्क सापडत नाही’ असा संदेश दिसला, तर संगणक बंद करून सर्व पेनड्राइव्ह, कार्डे आणि बाहेरच्या डिस्क काढाव्यात आणि पुन्हा सुरू करून पाहावे. तरीही संदेश आला, तर सुरू होतानाच एफ २ किंवा डिलीट ही कळ दाबून सेटिंगच्या पडद्यात जावे; काही कंपन्यांच्या यंत्रांत ही कळ एफ १ किंवा एफ १० असते. तेथे दोनच गोष्टी पाहाव्यात. तारीख बरोबर आहे का? आणि डिस्कचे नाव दिसते का?

डिस्कचे नाव दिसत असेल, तर अर्धी काळजी मिटली. यादीत तिला, किंवा ‘विंडोज बूट मॅनेजर’ला, पहिले स्थान देऊन सेटिंग जतन करावे. तारीख चुकलेली असेल तर ती दुरुस्त करून बॅटरी बदलून घ्यावी. त्यासाठी संगणकाची पिन काढलेली असली पाहिजे. लॅपटॉप असेल तर हे काम जाणकाराकडे सोपवावे. काढलेली बॅटरी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. ती गिळली गेल्यास जिवावर बेतू शकते. क्रम बरोबर असूनही संगणक सुरू होत नसेल, तर जुन्या पद्धतीची सोय आणि एएचसीआय-रेड ही दोन सेटिंगे बदलली आहेत का, ते पाहावे.

डिस्कचे नाव दिसतच नसेल, तर केबल आणि जोडणी तपासून घ्यावी. त्यानंतर ती एकदा जरी दिसली, तरी पहिले काम फाइली उतरवून घेण्याचे. वारंवार चालूबंद करत राहिल्यास आजारी डिस्कचे उरलेले आयुष्य त्यातच संपते.

संगणक दुरुस्तीला नेताना तंत्रज्ञाला आधी एवढेच विचारावे: ‘डिस्क बायोसमध्ये दिसते का?’ याचे उत्तर मिळेपर्यंत फॉरमॅटला संमती देऊ नये. डिस्क दिसत असेल, तर ती दुसऱ्या संगणकाला जोडून तिच्यावरील फाइली बाहेर काढता येतात. ती कूटबद्ध असेल तर त्या वेळी ४८ अंकांची किल्ली जवळ लागते. फॉरमॅटची वेळ आलीच, तर ती त्यानंतर यावी.

हे सारे संकटाच्या दिवशी आठवत नाही. म्हणून संगणक सुरळीत चालू असतानाच एकदा सेटिंगच्या पडद्यात जावे, काहीही न बदलता सुरू होण्याचा क्रम, डिस्कची पद्धत आणि सिक्युअर बूट यांच्या पडद्यांची मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत आणि न जतन करता बाहेर पडावे. या कामाला पाच मिनिटे लागतात. पुढच्या चतुर्थीनंतर दुकान उघडल्यावर काळा पडदा दिसलाच, तर त्या छायाचित्रांशी सेटिंग ताडून पाहिल्यावर संगणक नेमके काय विसरला, हे लगेच कळेल.